सुईचं व्यसन : विशीतल्याला घरचे आणतात, पन्नाशीतला जखम घेऊन येतो, उपचाराची दारं वयाप्रमाणे का बदलतात?

घरात कुणी नशा करतंय हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अॅडमिट कुठं करायचं?" सुईने नशा करणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. तो टोचतोय काय, आणि त्याचं वय काय. या दोन उत्तरांवर उपचाराचा पुढचा सगळा रस्ता ठरतो. दाखल व्हायचं की रोज जाऊन गोळी घ्यायची, सही कुणाची लागणार, घरच्यांचा अधिकार किती, आणि आधी कुठल्या तपासण्या करायच्या, हे सगळं त्यातून निघतं.

वयाचा फरक एका ओळीत सांगायचा तर असा : तरुण माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाताला धरून उपचारात येतो, आणि उतारवयाकडे झुकलेला माणूस शरीराने हात टेकल्यावर स्वतः येतो. पहिला लवकर येतो, पण त्याला मिळणारा उपचार अनेकदा अपुरा असतो. दुसऱ्याला योग्य उपचार मिळतो, पण तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने देशभर सर्वेक्षण केलं. त्याचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतली दोन लाखांहून अधिक घरे आणि १० ते ७५ वयोगटातली ४ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे त्यात होती. या अहवालानुसार देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख आहेत.

ज्या राज्यांत ही संख्या जास्त आहे, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, दिल्ली, हरियाणा, आंध्र प्रदेश, मणिपूर आणि नागालँड यांच्यासोबत महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा ही नावंही आहेत. म्हणजे हा प्रश्न फक्त पंजाबचा किंवा ईशान्येचा, असं सीमाभागातल्या किंवा हैदराबादच्या मराठी माणसाला म्हणता येणार नाही.

टोचलं काय जातं? मुख्यतः अफूच्या कुळातले पदार्थ. त्यात हेरॉइन आहे आणि औषध म्हणून बनलेली वेदनाशामकंही आहेत. मराठी वाचकाला हेरॉइनची कच्ची आवृत्ती 'गर्द' किंवा 'ब्राउन शुगर' या नावाने ओळखीची आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली. त्यावर अनिल अवचटांनी लिहिलं, आणि त्यातूनच १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. त्या काळातले बहुतेक जण पन्नीवर पूड ठेवून धूर ओढायचे. सुई अनेकांच्या हातात नंतर आली. त्या पिढीतले जे वाचले, ते आज पन्नाशी-साठीत आहेत. हा आजचा वयस्कर गट.

तरुणाचं दार : आई-बाप, पोलीस, मित्र

विशीतल्या मुलाला आपल्याला व्यसन लागलंय हेच मुळात पटत नाही. सुई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. नसा शाबूत असतात, कामावर जाता येतं, अंगाने बरा दिसतो. "मनात आणलं तर सोडीन" हे वाक्य तो इतरांना सांगतो आणि स्वतःलाही. 'गर्दुल्ला' म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर पुलाखाली पडलेला माणूस येतो. आपण तसे नाही, एवढ्या आधारावर तो निर्धास्त असतो.

मग त्याला उपचारापर्यंत आणतं कोण? आईला गादीखाली सिरिंज सापडते. घरातले दागिने, मोबाइल गायब होतात. पोलीस उचलतात. किंवा एखादा मित्र जास्त डोस होऊन दगावतो आणि सगळं उघड होतं. घरचे हादरतात आणि त्याच आठवड्यात मुलाला कुठल्यातरी केंद्रात टाकतात.

अडचण इथून पुढे सुरू होते. घरच्यांना हवं असतं ते लवकर आणि गुपचूप. 'पंधरा दिवस ठेवा, साफ करून द्या, पाहुण्यांना कळायला नको.' या पंधरा दिवसांत होतं काय, तर टर्की उतरते. हेरॉइन थांबलं की आठ-बारा तासांत अंगदुखी, जुलाब, घाम, नाकातून पाणी, झोप उडणं सुरू होतं. दोन-तीन दिवसांत त्रास शिगेला जातो आणि आठवडा-दहा दिवसांत बराच ओसरतो. मुलाचा चेहरा उजळतो, जेवण वाढतं. घरच्यांना वाटतं, सुटला.

पण हा उपचाराचा पहिला टप्पा असतो, शेवट नव्हे. शरीराची ओढ महिनोन्‌महिने राहते. त्यात एक जीवघेणी गोष्ट घडलेली असते : बंद असलेल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते. महिन्यापूर्वी पचायचा तेवढाच डोस आता श्वास थांबवू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे मानले जातात. 'पंधरा दिवसांत बरा' झालेला मुलगा घरी येतो, जुने मित्र भेटतात, आणि एकाच वेळेत खेळ संपतो. घरचे म्हणतात, परत बिघडला. खरं तर उपचार अर्ध्यावर सुटलेला असतो.

वयस्काचं दार : गळू, कावीळ, एचआयव्ही

चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची गोष्ट उलटी. त्याला हाताला धरून आणणारं सहसा कुणी उरलेलं नसतं. बायको माहेरी गेलेली, भाऊ बोलत नाहीत, मुलं मोठी झालेली. काही जणांना तर सून घरात आल्यावर हे सांगायचं कसं, याचीच लाज असते.

तो येतो ते शरीरामुळे. हाताच्या नसा संपल्यावर पायात, जांघेत टोचणं सुरू होतं. तिथं गळू होतं, ते चिघळतं, पाय सुजतो. सिव्हिलच्या ड्रेसिंग रूममध्ये, टीबीच्या औषधांच्या रांगेत किंवा एचआयव्हीच्या एआरटी केंद्रात त्याची गाठ पहिल्यांदा अशा माणसाशी पडते, जो त्याला हाकलून न देता विचारतो, "सुई घेतोस का? याचंही औषध आहे." दुसरी वाट असते सोबत्याची. सुया-सिरिंज वाटणारा कार्यकर्ता बऱ्याचदा स्वतः एकेकाळी टोचणारा असतो. त्याच्या शब्दावर वयस्कर माणूस येतो, कारण त्याला उपदेश नकोसा झालेला असतो.

एक फायदा त्याच्या बाजूने असतो. पाच-सहा वेळा सोडून पुन्हा सुरू करून झालेलं असतं, त्यामुळे पंधरा दिवसांच्या चमत्कारावर त्याचा विश्वास नसतो. रोज येऊन गोळी घ्यायला तो तयार होतो आणि टिकतोही. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे : रोजच्या औषधावर तरुणांपेक्षा जास्त वयाचे लोक जास्त काळ टिकून राहतात.

ही रोजची गोळी म्हणजे काय?

या उपचाराला ओएसटी म्हणतात. टोचायच्या पदार्थाऐवजी त्याच कुळातलं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध द्यायचं, अशी ही पद्धत. आपल्याकडे मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन वापरतात. गोळी जिभेखाली ठेवायची, परिणाम साधारण दिवसभर टिकतो. टर्की होत नाही, ओढ कमी होते, आणि नशेत माणूस लोळतही नाही. तो कामावर जाऊ शकतो. काही केंद्रांत मेथाडोन हे पातळ औषध देतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको, सरकारी रुग्णालयं आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत हा उपचार मोफत देते.

"एक नशा सोडून दुसरी लावली" असा आक्षेप नेहमी येतो. हिशेब मांडून बघितला तर फरक कळतो. रस्त्यावरच्या पुडीत काय आणि किती, हे कुणालाच माहीत नसतं. गोळीत ते मिलिग्रॅममध्ये ठरलेलं असतं. पुडी दिवसातून तीन-चार वेळा लागते, गोळी एकदा. पुडीसाठी रोज पैसा उभा करावा लागतो, गोळीसाठी नाही. आणि सुई सुटते, हा सर्वांत मोठा फायदा. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो म्हणून त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. हा उपचारही महिने, कधी वर्षं चालतो. तो मध्येच थांबवायचा नसतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचा असतो.

मग तरुणांना ही गोळी का मिळत नाही?

याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं, डॉक्टर आणि घरचे दोघेही बिचकतात. "एवढ्या लहान वयात कायमची गोळी?" ही भीती साहजिक आहे, पण ती महागात पडते. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हेरॉइनसाठी उपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी २६.३ टक्क्यांना अशी औषधं मिळत होती, तर किशोरवयीनांत हे प्रमाण अवघं २.४ टक्के निघालं. तिथला नियमच तसा होता. १८ वर्षांखालच्या मुलाला मेथाडोन केंद्रात घ्यायचं तर वर्षभरात औषधाविना सोडण्याचे दोन प्रयत्न फसल्याची नोंद लागायची. म्हणजे आधी दोनदा पड, मग हात देतो. ही अट तिथे २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली.

दुसरं कारण रचनेचं. आपल्याकडचा ओएसटी कार्यक्रम एचआयव्ही रोखण्यासाठी वाढला, आणि तो मुख्यतः प्रौढ, नियमित टोचणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. नॅकोच्या व्याख्येत गेल्या तीन महिन्यांत सुई घेतलेली व्यक्ती बसते. ओढण्यावरून टोचण्याकडे नुकताच वळू लागलेला, कधीतरीच सुई घेणारा पोरगा स्वतःला या व्याख्येत धरत नाही आणि कार्यकर्त्यांच्या नजरेतही येत नाही. जुने लोक ठरलेल्या अड्ड्यांवर भेटतात, तरुण मित्राच्या खोलीवर टोचतात.

तिसरं कारण रोजच्या हजेरीचं. केंद्र सकाळी उघडतं, त्याच वेळी कॉलेज असतं किंवा एमआयडीसीतली पाळी. शिवाय रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर? कोविडच्या काळात, २०२० मध्ये, नॅकोने काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा दिली होती. घरी डोस देण्याची सोय कामावर जाणाऱ्या तरुणाला उपचारात टिकवायला किती उपयोगी ठरू शकते, हे त्यातून दिसलं.

चौथं कारण पदार्थाचं. हल्लीच्या तरुणांच्या सुईत दर वेळी अफूच्या कुळातलंच काही असतं असं नाही. रक्तदाब वाढवण्यासाठी वापरायचं मेफेनटरमाइन हे इंजेक्शन व्यायामशाळेत 'दम वाढतो' म्हणून घेतलं जातं, आणि महाराष्ट्रात त्यावर पोलीस आणि एफडीएच्या कारवाया झाल्या आहेत. त्याच्यावर ब्युप्रेनॉर्फिनचा काही उपयोग नाही. तिथे समुपदेशन, मानसोपचार आणि हृदयाची तपासणी हाच मार्ग. म्हणून "काय टोचतोय" हे आधी नीट विचारायचं.

पहिली दोन-तीन वर्षं का महत्त्वाची?

'अजून लहान आहे, सुटेल आपोआप' असं म्हणून ज्या वर्षांकडे दुर्लक्ष होतं, नेमकी तीच वर्षं घातक असतात. नवख्याला स्वतःला टोचता येत नाही. दुसरा टोचून देतो, बहुतेकदा त्याच सुईने. हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार सुईबरोबरच एकत्र वापरलेल्या चमच्यातून, कापसातून, पाण्यातूनही पसरतो. प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात त्याचा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचं आढळलं. टोचणं सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच अनेकांना त्याची लागण होते, आणि लक्षणं दिसायला दहा-वीस वर्षं लागू शकतात. पन्नाशीत कावीळ होऊन येणाऱ्याचा आजार विशीतला असतो, तो असा.

एचआयव्हीचंही तेच. नॅकोच्या २०१७ च्या पाहणीत गर्भवतींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२८ टक्के होतं, तर सुईने नशा करणाऱ्यांत ६.२६ टक्के. म्हणजे वीसपटीहून जास्त.

दिलासा देणारी बाब ही की हिपॅटायटिस सी आता बरा होतो. केंद्राच्या २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची गोळ्यांची औषधं मोफत मिळतात आणि बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांचा असतो. पण त्यासाठी तपासणी झाली पाहिजे. कोणत्याही वयाचा माणूस उपचाराला आला की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या मागून घ्याव्यात. जास्त वय असेल तर छातीचा एक्स-रे आणि चालू औषधांची यादीही हवी. टीबीचं रिफाम्पिसिन मेथाडोनचा असर कमी करतं. झोपेच्या गोळ्या किंवा दारू या उपचारासोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो. हे डॉक्टरांपासून लपवू नये.

कायदा वयाप्रमाणे कसा बदलतो?

हे कायदे केंद्राचे आहेत, त्यामुळे बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की कोल्हापूर, तरतूद एकच.

१८ वर्षांवरील माणूस स्वतःच्या सहीने दाखल होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नशेशी निगडित मानसिक स्थितीही येतात. त्यामुळे सज्ञान मुलाला 'बाप म्हणून मी सांगतो' एवढ्यावर कोंडून ठेवता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि ही मुदत आधी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. साखळीने बांधणं तर कोणत्याही वयात बेकायदा आहे. ज्या केंद्रात मारहाण होते किंवा नातेवाइकांना भेटू देत नाहीत, तिथून मुलाला बाहेर काढावं. मार खाऊन आलेला तरुण पुढची दहा वर्षं खऱ्या दवाखान्याचीही पायरी चढत नाही.

१८ वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज प्रतिनिधी म्हणजे सहसा पालक करतात. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाने सोबत राहायचं असतं. मुलीसोबत पुरुष प्रतिनिधी असेल तर स्त्री सोबती लागते. लहान मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आणि पोलिसांची भीती? नशा करणं हा एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार पूर्ण केला नाही तर ते काढून घेता येतं. विक्रेत्याला ही सवलत नाही.

कुठं जायचं?

सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, नॅकोची १०९७, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८. जवळचं ओएसटी केंद्र कुठलं, हे १०९७ वर विचारता येतं. सीमाभागातल्या लोकांना धारवाडची डिम्हान्स, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, पुढे बेंगळुरूची निम्हान्स आहे. हैदराबादेत एर्रागड्डा, ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्यात करेलीबाग आणि इंदुरात बाणगंगा इथे सरकारी मानसिक रुग्णालयं आहेत. कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याने निघण्याआधी आपल्या केंद्रातून डोसची चिठ्ठी घ्यावी आणि नव्या गावातलं केंद्र विचारून ठेवावं. गोळीत चार-पाच दिवसांचा खंड पडला की सुई परत हातात येते, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

घरच्यांसाठी सांगायचं तर दोन प्रश्न पुरेत. विशीतल्या मुलाला घेऊन जात असाल तर केंद्राला विचारा : "टर्की उतरल्यावर पुढचे सहा महिने काय देणार?" उत्तर नुसतं 'प्रार्थना आणि शिस्त' असं आलं तर दुसरं केंद्र बघा. आणि पन्नाशीतला भाऊ किंवा काका असेल, ज्याच्याशी घरातलं कुणी बोलत नाही, तर त्याला विचारा : "पायाला काय झालंय, दाखवायला जाऊ या का?" नशेचा विषय डॉक्टर काढतील. त्याच्या बाबतीत उपचाराची सुरुवात पायाच्या जखमेपासून झाली तरी चालते.